माठाची दोरी

हे मी अकरा वर्षांत कुणाला बोललेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही. देवापुढं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत बसते. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, एवढं एकच कारण मला सापडतंय. ओळखीच्या माणसापुढं मी तोंड उघडलं की बोलणं आपसूक वळतं आणि भलतीकडंच जातं. बघा, आतासुद्धा वळण घेतलंच मी.

आधी मी कोण ते सांगते. मी मंगल. माहेर माधवनगर, सासर कुंडल. घराच्या पुढच्या अंगाला माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून माझा आवाज चढाच झालाय, शेजारच्या आळीत ऐकू जातो. आणि रागाचं म्हणाल तर तो गावाला ठाऊक आहे. मंगलताईचं दळण बारीक आणि बोलणं जाडंभरडं, असं बायका माझ्या तोंडावर म्हणतात. मी पण हसते. रागीट बाई मनानं चांगली असते असं लोकांना का कोण जाणे वाटत असतं, आणि मी ते वाटू देते.

आमच्या ह्यांना गावात सगळे फौजी म्हणायचे. सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन आले, उसाला लागले. दोन वर्षं बरी गेली. मग पाय सुजायला लागले, चेहरा सुजला, आणि सांगलीत तपासल्यावर कळलं की बीपीनं दोन्ही किडन्या खाल्ल्या आहेत. तिथनं आमचा सोमवार आणि गुरुवार सुरू झाला. सकाळी सांगली गाठायची, चार तास मशीनवर पडायचं, दुपारी परत यायचं. सोमवार ते गुरुवार मधले दिवस तसे निभायचे. गुरुवार ते सोमवार मात्र लांब पडायचं. रविवार आला की ह्यांचा श्वास जड व्हायचा आणि तहान वाढायची. रविवार हा शब्द लक्षात ठेवा.

आमची एकच मुलगी. अश्विनी, आम्ही आशू म्हणतो. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिले काही महिने आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं. पप्पांचं सांगलीला काम असतं, एवढंच. पण पोरीला डोळे होते की! दर सोमवारी-गुरुवारी पप्पा येतात ते दंडाला पट्टी लावून, शर्टाच्या बाहीला रक्ताचा ठिपका, तोंड उतरलेलं. एके दिवशी तिनं मला चुलीपाशी गाठून विचारलं, "आई, सांगलीत पप्पांना कोण मारतंय?"

डायलिसिसच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टरना मी हे हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मुलीला सगळं नीट सांगा, लपवू नका. आणि एक वाक्य आवर्जून सांगा, की बाळा, यात तुझा काही दोष नाही. मला ते वाक्य तेव्हा फार गमतीचं वाटलं. नऊ वर्षांच्या पोरीला कशाला वाटेल तिचा दोष? शिकलेल्या माणसांचं काहीतरीच, असं मी मनात म्हटलं. ते वाक्य मी आशूला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

समजावलं ते ह्यांनीच. आणि काय सुरेख समजावलं! आमचं नदीकडचं एक रान आहे, उसाला पाणी देऊन देऊन ते क्षारपड झालेलं. तिथं आशूला घेऊन गेले. वर फुटलेलं पांढरं मीठ दाखवलं. म्हणाले, "ह्या रानाचं चर बुजल्यात. पाणी आत येतंय, पर भाईर पडत न्हाई. मग मीठ वर येतंय. माझ्या अंगाचं तसंच झालंय बघ. सांगलीत मशीनवर चर काढून देत्यात, दोन-तीन दिसांत परत बुजतंय. म्हणून मला पाणी लय देऊन चालत न्हाई." पोरीला क्षणात कळलं. उसाच्या गावातली पोर ती, तिला पाण्याचं काय सांगायचं? मग तिनं त्यांचा डावा हात धरला. मशीनसाठी त्या हातात शीर जोडलेली होती, तिथं बोट ठेवलं की आत सारखं घरघरतं. आशूनं कान लावला आणि म्हणाली, "मोटार चालू हाय पप्पा." त्या दिवसापासनं रोज सकाळी शाळेला जायच्या आधी ती कान लावून मोटार तपासायची. मोटार चालू आहे म्हणून ओरडायची, मग दप्तर उचलायची.

इथपर्यंत सगळं खरं आणि सगळं चांगलं. इथपर्यंतचं मी शंभरदा सांगितलंय लोकांना. पुढचं पण सांगितलंय, पण अर्धंच.

पाणी मापात द्यायचं म्हणजे कुणीतरी राखण करायला पाहिजे. ते काम माझं. मी नाही म्हटलं की हे चिडायचे, मी दुप्पट चिडायचे, आणि रोज आमची भांडणं. आशूला मात्र ते कधी चिडत नव्हते. हे मी बघितलं आणि माझ्या डोक्यात आलं. आमच्याकडं पाटकरी असतो. पाटाचं पाणी कुणाच्या रानाला किती वेळ सोडायचं ते तो बघतो, आणि त्याच्यापुढं भल्याभल्यांचं चालत नाही. मी आशूला म्हटलं, आजपासून पप्पांच्या पाण्याची पाटकरीण तू. एका बाटलीवर नेलपॉलिशनं रेघा मारून दिल्या. सकाळी एवढं, दुपारी एवढं, रात्री एवढं. पोरगी इतकी फुगली! हे पण खूश. "या पाटकरीणबाई, आमची पाळी कवा हाय?" असं तिला विचारायचे. माझी भांडणं मिटली. माझ्या अंगावरचं ओझं मी पोरीच्या अंगावर टाकलं आणि वर हुशारीचं नाव मिरवलं. गिरणीला पण वेळ मिळायला लागला.

माठ आमच्या बाहेरच्या सोप्यात होता, ह्यांच्या कॉटच्या उशालगत. आत घरात आमच्यासाठी पाण्याचा हंडा वेगळा. मी म्हटलं, माठ आत नेऊ या, तुमच्या डोळ्यापुढं नको. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. राजस्थानात डूटी केलीय मी. पाणी डोळ्याफुडं असलं की माणूस टिकतंय." मग आशूनं काय केलं, माठावर झाकण, झाकणावर फडकं, आणि फडक्याला माठाच्या गळ्याभोवती सुतळीची दोरी. गाठ तिची खास असायची, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. दोरी सुटली की मला कळतंय, असं ती दम देऊन सांगायची. आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्या माणसानं एकदा — एकदासुद्धा — चोरून पाणी प्यायलं नाही. दोन वर्षं. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची, बर्फाचा खडा चघळायचे, ओठावर ओला रुमाल ठेवायचे. पण पोरीच्या गाठीला हात नाही. हे लिहायलाच पाहिजे मला. कारण पुढं मी काय केलं त्यात ह्या माणसाचं हे इमानही गेलं.

आता तो रविवार. — जरा थांबते.

चैत्रातलं ऊन होतं. आशू अकरा वर्षांची झाली होती, शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये घेतली होती. दुपारी मैत्रिणी हाक मारायला आल्या. तिनं ह्यांना दुपारचं पाणी मोजून दिलं, दोरी बांधली, गाठ ओढून बघितली. दारात घोटाळली. हेच म्हणाले, "जा गं पाटकरीण, पाटाचं दार बंद हाय न्हवं? जा, खेळ जा." मी गिरणीतनं बघत होते. ती उड्या मारत गेली. तिनं कुणाला फसवलं नाही, काही विसरली नाही. बापानं जा म्हटलं आणि ती गेली. एवढंच तिनं केलं.

गिरणीत डबे लागले होते. रविवारी सगळ्यांना दळण आठवतं. आणि अर्धा डबा दळला असताना लाइट गेली. गहू पाट्यात अडकलेला, बायका कातावलेल्या, एक म्हातारी माझ्याशी पिठावरनं वाद घालून गेलेली. पदर घामानं अंगाला चिकटला होता. मी आत आले, हंड्यातलं पाणी तांब्यानं घेतलं आणि उभ्या उभ्या गटागटा प्यायले. सोप्यातनं हाक आली, "मंगल, घोटभर दे." मी म्हटलं नाही. परत हाक. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही, आशूनं आत्ताच दिलंय. तिसऱ्यांदा हाक मारली नाही. ते एवढंच म्हणाले, "तू पोटभर पितीस न्हवं?"

माझा गिळण्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

आता मी सांगू शकले असते, की मला त्यांची दया आली. सुकलेले ओठ बघून जीव कळवळला, बायकोचंच काळीज, एक दिवस प्यावं पोटभर. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगून बघितलंय. किती छान बसतं! पण तसं झालं नाही हो. मला राग आला. भाकरी थापणारी मी, दळणारी मी, सांगलीच्या फेऱ्या मारणारी मी, आणि माझं पाणी मोजतोय हा माणूस? मी तरातरा सोप्यात गेले. आशूची गाठ मला सुटेना, नखानं उकलली. फडकं फेकलं. तांब्या बुडवला आणि त्यांच्यापुढं आदळला. मी म्हटलं, "घ्या. प्या. एकदाचं प्या आणि मला मोकळं करा."

हे शब्द मी बोलले. मला मोकळं करा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तांब्या उचलला आणि प्यायले. सगळा. मी दुसरा भरला. तो पण प्यायले. मग तोंड पुसून म्हणाले, "बास झालं मंगल." ऐकताय ना? बास म्हणाले ते. तिथं थांबले असते तरी कदाचित — नाही, कदाचित नको. मी तिसरा भरला. "न्हाई, प्या आता. पोट भरू दे," असं म्हणून हातात दिला. तिसरा तांब्या त्यांनी माझ्याकडं बघत बघत, हळूहळू, संपवला. तहान भागलेली होती त्यांची. तो तांब्या त्यांनी माझ्या रागापायी प्यायला.

तेवढ्यात लाइट आली. गिरणीचा पट्टा हलला, बायकांनी हाका मारल्या. मी जायला निघाले आणि दारातनं मागं फिरले. झाकण ठेवलं, फडकं ठेवलं, दोरी बांधली. का बांधली? आशू येणार होती म्हणून. तिला कळू नये म्हणून. त्यांना काही झालं नव्हतं अजून. हे नीट बसून बोलत होते. तरी मी लपवायला सुरुवात केली होती. म्हणजे पुढं दवाखान्यात जे झालं ते घाबरून झालं, असं म्हणायची सोयही मला उरलेली नाही.

दिवे लागायच्या सुमाराला खोकला सुरू झाला. आडवं होता येईना. उशीला टेकून बसवलं तर छातीत बुडबुडे वाजल्यासारखा आवाज. थोरले दीर, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, जीप घेऊन आले. आशू कबड्डीच्या कपड्यातच होती, गुडघ्याला माती. कुणी बस म्हटलं नाही, कुणी उतर म्हटलं नाही. ती रेघांची बाटली घेऊन मागं चढली. पलूस गेलं, भिलवडी गेली. सगळ्या वाटेनं ती पप्पांच्या डाव्या हाताला कान लावून होती.

सांगलीत त्यांना आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. तरुण पोरगेले होते, दमलेले. त्यांनी विचारलं, छातीत पाणी भरलंय, आज किती पाणी दिलं? मी म्हटलं, मापानंच. ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, इतकं मापानं होत नाही, खरं सांगा, मला आत उपचाराला उपयोग होतो. मी पदर सावरला. तात्यांचा आवाज चढला, "आरं मग पाणी आलं कुठनं? राखण कुणाकडं व्हती?"

आशू भिंतीला टेकून उभी होती. बाटली छातीशी धरलेली. रात्रीचं पाणी त्यात रेघेपर्यंत तसंच होतं.

मी म्हटलं, "आशू खेळाय गेलती."

एवढंच. या वाक्यात एक शब्द खोटा नाही, बघा. ती गेलीच होती खेळायला. खोटं न बोलता मी सगळं खोटं त्यात भरलं. तात्यांनी तिच्याकडं बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. आणि आशूनं बाटली वर करून दाखवली, म्हणाली, "ह्यातलं न्हाई पेलं. बघा की, हाय अजून." मग तिचं तिलाच काहीतरी उमगल्यासारखं झालं आणि हात खाली आला. पप्पांनी माठ सोडला, ती नव्हती तेव्हा. तिनं तिथं जुळवलं ते हे. मी समोर उभी होते. मी जुळवू दिलं.

सोमवारी सकाळी ते गेले. त्यांची पाळी सोमवारचीच होती.

घरी आल्यावर, माणसांची गर्दी ओसरली तेव्हा, आशू माठापाशी बसलेली मला दिसली. दोरीवर बोट फिरवत होती. गाठ तिची नव्हती, हे तिला कळलं असणारच. एक वेढा, टोक बाहेर. तिनं मला काही विचारलं नाही. दोरी सोडली, गुंडाळली आणि दप्तरात ठेवली. तिनं मला विचारलं असतं तर मी काय केलं असतं? आज म्हणते सांगितलं असतं. तेव्हा नसतं सांगितलं.

त्यानंतर ती कबड्डीला गेली नाही. सर दोनदा घरी येऊन गेले. मी म्हटलं, बापाचं दुःख आहे, जाईल हळूहळू. ते दुःख नव्हतं हे मला माहीत होतं. गावभर माझं कौतुक, पोरीला कसं सांभाळलं बघा फौजीच्या माघारी.

ती सोळा वर्षांची असताना एकदा आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मान खाली घालून ती म्हणाली, "आई, मी त्या दिवशी गेले नसते, तर पप्पांनी माठ सोडला नसता. मला सांगून तरी प्यायला पाहिजे हुतं त्यांनी. मी दिलं असतं थोडं." तिच्या आवाजात त्यांच्यावर राग होता. तुम्हाला कळतंय ना मी काय केलं होतं? जो माणूस पोरीच्या गाठीला दोन वर्षं शिवला नाही, तो तिच्या मनात चोर झाला होता. आणि ती त्याची बेसावध राखणदार. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी आत्ता बोलते, आत्ता बोलते म्हणत मूठभर शेंगा फोडल्या आणि म्हटलं, "जाऊ दे बाळा. नशिबात होतं." रविवारचं एक वेळ रागाचं म्हणा. हे शेंगा फोडतानाचं कशाचं म्हणायचं? राग नव्हता, गडबड नव्हती, डॉक्टर नव्हते. दुपार होती आणि आम्ही दोघीच होतो.

आता ती साताऱ्यात नोकरीला आहे. खोली घेऊन राहते. खोलीत पाण्याची भरलेली भांडी कुठं उघडी नसतात, सगळ्यांवर घट्ट झाकण. गेल्या वर्षी एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा शिकलेला, तिला आवडलेला. तिनं नाही म्हटलं. मी कारण विचारून विचारून तिचा जीव खाल्ला, तेव्हा म्हणाली, "आई, माझ्याच्यानं कुणाची राखण व्हायची न्हाई. माझी एकदा बघितलीस न्हवं तू?" मी तिच्यावरच ओरडले. काय हा येडेपणा, म्हटलं. ओरडणं मला जमतं.

आणि या सगळ्यात मी काय करत होते, ठाऊक आहे? सांगलीच्या त्या डायलिसिसच्या खोलीत महिन्यातनं एकदा जात होते. मोठ्या सिस्टरनी बोलावलं होतं. मंगलताई, तुम्ही मुलीला फार छान समजावलं होतं, इथं येणाऱ्या लेकरांच्या आयांना सांगा जरा. मी सांगायचे. क्षारपड रान, बुजलेले चर, हातातली मोटार, आणि पाटकरीण. बाटलीच्या रेघा हातवारे करून दाखवायचे. बायका डोळे पुसायच्या, कुणीतरी चहा आणून द्यायचं. गोष्ट कुठं थांबवायची ते मला पाठ झालं होतं. शेवटी सिस्टरांचं ते वाक्य पण मी सांगायचे, की लेकराला म्हणा, यात तुझा काही दोष नाही. दुसऱ्यांच्या लेकरांना सांगायला मला काही अडचण नव्हती.

मागच्या महिन्यात गेले तर पलूसची एक बाई आली होती, नवरा मशीनवर. आधीच्या खेपेला तिनं माझं ऐकलं होतं. या वेळी पोरीला घेऊन आली होती, नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या. पोरीच्या गळ्यात नाडीनं अडकवलेली बाटली. बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा. आई अभिमानानं म्हणाली, "ताई, आमची पाटकरीण बघा. लय कडक हाय."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी मोठ्या पाटकरणीची आई ना! तिला काहीतरी विचारायचं होतं. आईनं ढोसलं तेव्हा तिनं विचारलं, "मला खेळाय जायचं असलं तर बाटली कुणाकडं द्यायची?"

मी तिच्या गळ्यातनं नाडी काढली, बाटली तिच्या आईच्या हातात दिली आणि म्हटलं, हिच्याकडं नको, तुम्ही ठेवा. ती बाई गोंधळली. म्हणाली, "आवं पण तुमीच तर सांगितलं व्हतं." व्हय. मीच सांगितलं होतं. तिला पुढचं काही न सांगता मी तिथनं निघाले, म्हणजे तिथंसुद्धा पळालेच. एसटीत बसले तरी त्या पोरीचा प्रश्न कानात होता. आशूनं पण हेच विचारलं असतं, तिला विचारायला कुणी मिळालं असतं तर.

त्याच्यानंतर हे लिहायला घेतलं. मला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं वाटतही नाहीये. तुम्ही मला काही म्हणावं, समजून घ्यावं, असंही माझं मागणं नाही. मागणं बिगणं काहीच नाही. पुढच्या महिन्यात सांगलीत गेले की त्या बायांना पुढची अर्धी गोष्ट सांगणार आहे. मग त्यांनी मला परत बोलावलं नाही तर नाही.

पण त्याच्या आधी आशू. रविवारी ती साताऱ्याहून येतेय. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं तर टाकेल, तो तिचा अधिकार. तोंडी सांगायला गेले तर मी वळणं घेईन, दयेची गोष्ट सांगेन, रडेन आणि तिलाच माझे डोळे पुसायला लावेन. मला मी चांगली माहीत आहे. म्हणून तुम्हाला, अनोळखी माणसाला, लिहिलेले हे कागदच तिच्या हातात देणार आहे, आणि ती वाचत असताना तिथंच बसणार आहे.

आशू, तुझ्या पप्पांनी माठाला हात लावला नाही. दोरी मी सोडली. तू त्या दिवशी खेळायला गेली नसतीस, माठाला पाठ लावून बसली असतीस, तरी मी तुला बाजूला सारून ती सोडली असती.